फोन कमी कर, पण थांबवू नकोस

लेसियाने चोरलेली गाडी निळी होती. ती ज्या गाडीने आली होती ती मामाची गाडीही निळीच, तशीच जुनी, तशीच दारापाशी गंजलेली, आणि दोन्ही गाड्या किराणा दुकानासमोर धूर सोडत शेजारी शेजारी उभ्या होत्या. जानेवारीतल्या गोठलेल्या सास्काटून शहरात इंजिन बंद करून दुकानात शिरणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाहीतर त्याला घरी चालत जायची हौस असायची. त्या काळी किल्ली गाडीतच राहायची, दारही उघडंच, आणि कुणी गाडी नेलीच तर ती चुकून नेली असं सगळे धरून चालायचे.

तशी तिने ती चुकूनच नेली होती. पहिल्या सिग्नलपर्यंत तिला काही कळलं नाही. मग शेजारच्या सीटवरची घोंगडी हलली. तिच्याखालून एक म्हातारा कुत्रा बाहेर आला, त्याने लेसियाकडे शांतपणे पाहिलं, आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकून पुन्हा डोळे मिटले.

मामाकडे कुत्रा नव्हता.

ती परत आली तेव्हा मामाच्या गाडीला टेकून एक उंच तरुण उभा होता. हातात पावाची पिशवी, पापण्यांवर पांढरं दव गोठलेलं, आणि चेहऱ्यावर हसू.

"चोरलेली गाडी परत आणून देणारा चोर मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

"माफ करा. म्हणजे... तुमची गाडी अगदी आमच्या मामाच्या गाडीसारखी आहे."

"आणि टर्निप काहीच बोलला नाही?"

"कोण टर्निप?"

"हा काय. आमचा राखणदार."

"तो झोपलाय."

"तेच म्हणतोय मी." त्याने वाकून खिडकीतून आत पाहिलं. "घाबरलात का?"

"नाही."

"हात थरथरताहेत तुमचे."

"थंडी आहे."

"आत हीटर एवढा चालू आहे की पाव भाजून निघेल."

लेसियाने स्टीअरिंगवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. खरंच थरथरत होते. तिने ते चटकन हातमोज्यांत घातले. "मी ठीक आहे."

"ते मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला, "पण बरं झालं कळलं ते."

त्याचं नाव इव्हर. गुरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता. गाडी नेल्याची भरपाई म्हणून त्याने एकच गोष्ट मागितली: उद्या संध्याकाळी बर्फावर कर्लिंग खेळायला यायचं. महिनाअखेरीस सामने होते आणि त्यांच्या चौघांच्या संघातली पहिली खेळाडू पाय मोडून घरी बसली होती.

"बर्फावर घसरली?"

"न्हाणीघरात. म्हणून तर लाजेनं कुणाला सांगत नाही बिचारी."

"मी शाळेनंतर कधी खेळले नाही."

"म्हणजे शाळेत खेळलात. झालं तर मग."

लेसिया नाहीच म्हणणार होती. कुणी बोलावलं की तिला हटकून काहीतरी काम निघायचं. पण आदल्याच दिवशी विद्यापीठातल्या श्रीमती प्रिचर्ड तिला एक गोष्ट बोलल्या होत्या, ती तिच्या डोक्यात घोळत होती. त्या थंडीत, दुसऱ्याच्या कुत्र्याचे केस मांडीवर घेऊन, ती चक्क "बघते" म्हणाली. त्या सगळ्या सस्कॅचेवन प्रांतात "बघते" म्हणजे जवळजवळ होच.

*

त्या मुलखाची रीत समजल्याशिवाय लेसिया समजणार नाही. तिकडे कुणाला "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "वाईट नाही." गव्हावर गारा पडल्या तरी वाईट नाही, आणि मुलाने प्रांतात पहिला नंबर काढला तरी वाईट नाहीच. यात कमीपणा नव्हता, उलट मान होता. उणे चाळीसात संसार करणाऱ्या माणसांनी कुरकुर सुरू केली तर ती संपायची कधी? लेसियाचे आजी-आजोबा युक्रेनहून आले तेव्हा पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या खोपटात काढला होता. त्याबद्दल आजी एवढंच सांगायची की जागा जरा लहान होती.

अशा घरातली ही मुलगी. विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकत होती, आणि त्यात हुशार होती. चिमूटभर माती दोन बोटांत चोळून ती सांगायची की यात चिकणमाती किती, वाळू किती, यंदा ही जमीन पाणी धरील की नाही. स्वतःबद्दल मात्र तिला काही सांगता यायचं नाही. सांगायचं नसायचं असं नाही... तिला खरोखरच कळायचं नाही.

मागच्या वसंतात परीक्षेच्या टेबलाशी ती लेखणी धरून बसली आणि एक अक्षर उमटेना. मग कित्येक दिवस तिच्याने अंथरुणातून उठवेना, घास गिळवेना. रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळं चांगलं निघालं. वडील येऊन तिला गावी घेऊन गेले आणि शेजाऱ्यांना म्हणाले, "दमलीय जरा." सप्टेंबरात ती परत आली. या खेपेला पुन्हा तसं झालं तर शिक्षण सोडून कायमचं गावी जायचं, हे तिने कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करायचं, ते मात्र तिला माहीत नव्हतं.

दर गुरुवारी ती विद्यापीठाच्या तळघरात श्रीमती प्रिचर्डना भेटायला जाई. मुलांच्या मनाचं बघायला नेमलेल्या या बाई बोलताना विणकाम करायच्या, आणि समोरचा गप्प बसला तर त्याही गप्प बसायच्या.

"हा आठवडा कसा गेला?"

"ठीक."

"ठीक ही भावना नाही, लेसिया. ठीक हे हवामान आहे."

लेसियाला हसू आलं. बाईंनी टाके मोजले आणि पुढे म्हणाल्या, "तुझ्या खोलीतली ती मुलगी, जिच्याशी तुझं छान जमलं होतं..."

"मी खोली बदलली."

"का?"

"अभ्यासाला शांत हवं होतं."

"आणि तो ग्रंथालयातला मुलगा? त्यालाही शांततेसाठीच टाळलंस?"

लेसियाने कोटाचं बटण उघडून पुन्हा लावलं.

"मला एवढंच दिसतं," श्रीमती प्रिचर्ड म्हणाल्या, "की कुणी जवळ यायला लागलं की तू निघून जातेस, आणि मग तुझं अंग तुझ्याशी भांडतं. तुझं पोट, तुझी झोप. तू त्यांचं ऐकत नाहीस म्हणून ती ओरडतात. दिवसातून एकदा थांबायचं. अंगात कुठे काय होतंय ते बघायचं आणि त्याला नाव द्यायचं. नाव चुकलं तरी चालेल. आणि माणसांत जा. अशा माणसांत, जिथे तुझ्यावाचून त्यांचं अडेल आणि त्यांच्यावाचून तुझं."

म्हणून गाडी नेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बर्फावर गेली.

*

संघाची कर्णधार होती इव्हरची मावशी, मर्टल. साठीची, ठेंगणी, आणि आवाज असा की शेजारच्या बर्फावरचे लोकही तिच्या हुकमाने झाडू मारायला लागायचे. सगळं सास्काटून तिला मर्टल मावशीच म्हणायचं. चौथा गडी स्टॅन, टपाल वाटणारा, दिवसभर दारोदारी बोलून संध्याकाळी अगदी मुका.

"अगं ए, झाडू म्हणजे काय नवरीची वेणी आहे का, अशी हळुवार धरतेस ती?" हे मर्टल मावशीचं लेसियाशी पहिलं वाक्य. "जोर लाव. दगडापुढचा बर्फ तापला पाहिजे. नाहीतर दगड वाटेतच झोपेल, आमच्या टर्निपसारखा."

खेळ तसा सोपा. ग्रॅनाइटचा जड, मुठीचा दगड बर्फावरून सोडायचा, दोघांनी त्याच्यापुढे झाडू घासत पळायचं, आणि पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळांत त्याला नेऊन बसवायचं. त्या वर्तुळांना सगळे घर म्हणतात. दगड नीट घरी पोचवायचा, बस.

लेसियाला ते आवडलं. घामाने केस कपाळाला चिकटायचे, श्वासाची वाफ व्हायची, आणि शेजारून इव्हर आपल्या लांब ढांगांनी पळता पळता तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा.

"तू त्या दगडाकडे जेवढ्या प्रेमानं बघतेस," एकदा तो धापा टाकत म्हणाला, "तेवढ्या प्रेमानं माझ्याकडे कधी बघणार?"

"दगड सरळ जातो."

"मी वाकडा जातो?"

"तू बोलत जातोस."

मागे स्टॅन हसला. स्टॅन हसला ही बातमी पुढे आठवडाभर क्लबात फिरत होती.

सराव संपला की वरच्या गरम खोलीत कॉफी. ही खोली बर्फाच्या एका टोकाला, आणि तिला खाली बघायला भलीमोठी काच. तिथे बसून इव्हर प्रश्न विचारायचा. साधेच, पण लेसियाला ते तिच्या परीक्षेच्या पेपरापेक्षा अवघड जायचे.

"आत्ता काय वाटतंय तुला?"

"काही नाही."

"गाईसुद्धा एवढं लपवत नाहीत."

"तू माझी गाईशी तुलना केलीस?"

"माझ्याकडून ती फार मोठी स्तुती आहे. गाय बोलत नाही, पण कान सांगतात, डोळे सांगतात. तुझे कान लाल झालेत, हे मी नुसतं नोंदवून ठेवतोय."

तिने लोकरी टोपी कानांवर ओढली.

तो मात्र स्वतःबद्दल सहज बोलायचा. "आज मला वाईट वाटलं" असं, "आज बर्फ पडला" म्हणावं तसं. लेसियाने असा पुरुष पाहिला नव्हता. त्याचे वडील तेलाच्या कामावर अल्बर्टाला गेले ते परत आलेच नाहीत. मर्टल मावशीने त्याला वाढवलं. "त्यामुळे कुणी आवडलं की मला त्याला चिकटून बसावंसं वाटतं," तो म्हणाला. "मागे एका मुलीला मी एवढे फोन केले की तिनं नंबरच बदलला. तेव्हापासून शिकतोय."

"काय शिकतोयस?"

"मोजून फोन करायला," तो म्हणाला, आणि मोठ्याने हसला. पण डोळे हसले नाहीत. ते लेसियाने पाहिलं.

सामन्यांच्या दोन आठवडे आधी ते नदीकाठाने चालत होते. नदी मधोमध अजून वाहती होती आणि तिच्यातून वाफ उठत होती. काठची झाडं त्या वाफेने पांढरीशुभ्र झाली होती. ऊन पडलं होतं, पण ऊब कुठेच नव्हती. इव्हर पुलाच्या कठड्यापाशी थांबला.

"लेसिया, मला तू आवडतेस. गंमत नाही करत."

तिला काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. आधी कानांत सूं झालं. मग सगळं दूर गेलं, नदी, पूल, तो. अंगात कुणीतरी एकेक दिवा विझवत गेल्यासारखं.

"बरं," ती म्हणाली.

"बरं?"

"मला... मला एक पेपर लिहायचाय. निघते मी."

*

फोन तेव्हा वसतिगृहाच्या बोळात भिंतीला टांगलेला असायचा. तो वाजला की जी मुलगी जवळ असेल ती उचलायची आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारायची.

"लेसिया, तुझा गाईंचा डॉक्टर."

"सांग, मी नाहीये."

"ती म्हणतेय ती नाहीये," मैत्रीण फोनमध्ये म्हणाली. बोळात हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा. सरावाला लेसियाने सर्दीचा निरोप धाडला. मग एका संध्याकाळी फोन आला नाही. त्यानंतरही आला नाही.

हेच तर तिला हवं होतं. आता नीट अभ्यास होईल, झोप लागेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण झोप गेली. पाव तोंडात फिरायला लागला. पुस्तकातल्या ओळी नुसत्या रांगेत उभ्या राहायच्या, आत काही शिरायचं नाही. तिने ही लक्षणं ओळखली. मागच्या वसंतातही अशीच सुरुवात झाली होती. तिने पलंगाखालची बॅग बाहेर काढली आणि उघडून तशीच ठेवली.

गुरुवारी ती तळघरात गेली तेव्हा श्रीमती प्रिचर्ड काही विचारण्याआधीच म्हणाली, "फोन यायचा तेव्हा पोटात गोळा यायचा."

"आणि आता?"

"आता फोन येत नाही. गोळा आहेच."

बाईंनी सुया खाली ठेवल्या. "कुठे आहे तो?"

"इथे. बरगडीखाली."

"माती बघतेस तसं बघ त्याच्याकडे. घाई नाही."

लेसियाने डोळे मिटले. भिंतीतल्या नळांत गरम पाणी कुरकुरत होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वरून कडक आहे. आणि गार." मग आणखी थांबून, "भीती आहे ती. मला... मला भीती वाटतेय."

हे वाक्य तिने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं. छप्पर कोसळलं नाही. श्रीमती प्रिचर्डनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं पहिल्यांदा चालणाऱ्या मुलाकडे पाहतात. कौतुक करायचं, पण टाळी वाजवून दचकवायचं नाही.

"खाली काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"खाली ओल आहे," लेसिया म्हणाली. "पण तिचं नाव अजून येत नाही."

"येईल. बॅग भरलीस?"

लेसियाने चमकून वर पाहिलं. "तुम्हाला कसं..."

"दरवर्षी पाच-सहा जण भरतात. शनिवारी सामना आहे ना तुझा?"

सामना होता. आणि तो टाळणं शक्य नव्हतं. शब्द देऊन संघाला तीन गड्यांवर सोडणारा माणूस त्या मुलखात पुन्हा तोंड दाखवू शकत नसे. बॅग उघडी टाकून लेसिया शनिवारी बर्फावर हजर झाली.

*

इव्हरने तिला बघून मान हलवली. "आलीस."

"शब्द दिला होता."

"हं," तो म्हणाला, आणि बुटांच्या नाड्या बांधत बसला. एवढा गप्प इव्हर तिने पाहिला नव्हता.

सकाळचा सामना जिंकला, दुपारचाही जिंकला. न बोलता तिचे नि इव्हरचे झाडू बरोबर एका तालात पडत होते, याचं तिला नवल वाटलं. संध्याकाळी अंतिम सामना. शेवटच्या डावाआधी लेसिया घाम पुसत सहज वर बघायला गेली... आणि काचेमागे तिला आई दिसली.

आई आली होती. न बोलावता, मामाकडून सामन्याचं कळून, बर्फाच्या रस्त्याने एवढे मैल, डोक्याला ठेवणीतला फुलाफुलांचा रुमाल बांधून. तिने काचेला हात लावला होता आणि ती तो हळूहळू हलवत होती.

लेसिया झाडू टेकवून तशीच वर बघत राहिली.

ती तीन वर्षांची असताना आईला क्षय झाला. दवाखाना दूर होता आणि लहान मुलांना आत सोडत नसत. दोन वर्षं, महिन्यातून एका रविवारी, आत्या तिला त्या इमारतीखाली बर्फात उभी करायची. वर एका काचेमागे एक बाई हात हलवायची. "हस," आत्या सांगायची. "आईला रडका चेहरा दिसला तर तिचा ताप चढेल." लेसिया हसायची. तिला वाटायचं, आपण रडलो तर आई मरेल. मग एक दिवस आई घरी आली. सगळे रडत होते, आणि पाच वर्षांच्या लेसियाने पुढे होऊन अदबीने विचारलं, "बाई, तुम्हाला पाणी हवंय का?"

तेव्हापासून त्या दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या चांगल्या वागत आल्या होत्या.

"ए पोरी, चांदण्या मोजतेस का?" मर्टल मावशी गरजली. "शेवटचा दगड आहे. हा घरात बसला की चषक आपला."

शेवटचा दगड कर्णधाराचा. पलीकडच्या टोकाला, घराच्या मधोमध, इव्हर झाडू रोवून खूण दाखवत उभा राहिला. मर्टल मावशीने दगड सोडला, आणि लेसिया नि स्टॅन त्याच्यापुढे वाकून घासत निघाले.

"घासा. घासा. सोडू नका."

दगड घरघरत येत होता. बर्फाच्या मध्यावर लेसियाचा झाडू किंचित मागे सरकला आणि तिच्या मनगटाला काहीतरी जाणवलं. हलकंसं. केसाला केस लागावा तेवढं. दगड डगमगला नाही, त्याची वाट बदलली नाही. स्टॅन खाली मान घालून घासत होता. दुसऱ्या संघाने काही पाहिलं नव्हतं. इव्हरची नजर दगडाच्या वाटेवर होती.

कर्लिंगला पंच लागत नाही याचा त्या लोकांना फार अभिमान. चालत्या दगडाला आपला झाडू लागला तर ते आपणच सांगायचं. कुणी पाहिलं असो वा नसो. दगड बाद होतो.

लेसिया ताठ उभी राहिली. तिने हात वर केला.

"थांबा. माझा झाडू लागला."

तिचा आवाज त्या गार, उंच छपराखाली तिच्याच कानांना परका वाटला. मर्टल मावशी बर्फावरून घसरत आली.

"खात्री आहे?"

"हो."

"मग बाद." मर्टल मावशीने स्वतःच्या पायाने तो दगड बाजूला थोपवला. एका गुणाने सामना गेला. ती दुसऱ्या कर्णधाराशी हात मिळवायला गेली, आणि जाता जाता लेसियाच्या पाठीवर असा धपका घातला की ती दोन पावलं पुढे गेली. "चषक काय, पुढल्या वर्षीही असतो," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमच्या पहिल्या गड्यानं आपणहून सांगितलं, पाहिलंत ना? आपणहून."

दुसऱ्या संघाचे चौघे येऊन तिच्याशी हात मिळवून गेले. एकाने तर डोक्यावरची टोपी काढली.

*

बर्फाच्या कडेला, बूट बदलायच्या बाकावर इव्हर तिच्या शेजारी येऊन बसला. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"कुणालाच दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "मलासुद्धा नाही."

"मला जाणवलं."

"हं."

तो उठायला लागला. लेसियाच्या बरगडीखालचा गोळा घशापर्यंत आला, आणि या वेळी तिने तो परत गिळला नाही.

"इव्हर, बस ना. मला सांगायचंय काहीतरी... मला नीट येत नाही ते."

तो बसला.

"तू पुलावर बोललास ना, तेव्हा मला काहीच वाटेनासं झालं. काही नव्हतं असं नाही. फार होतं." तिने हातमोजे पिळले. "कुणी जवळ आलं की मला वाटतं, हे जाणार. मग मीच आधी जाते. पेपर लिहायचाय म्हणून सांगते."

"पेपर नव्हता?"

"होता. पण तो आधीच लिहून झाला होता."

इव्हरच्या ओठांच्या कडा हलल्या, पण तो हसला नाही. नुसता ऐकत राहिला.

"तू फोन करायचास तेव्हा मला गुदमरायचं. आणि तू फोन थांबवलास..." तिचा आवाज फुटला, डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत. "तू थांबवलास तेव्हा मला जेवण जाईना. मी बॅग काढली. मला वाटलं, मागच्यासारखं होतंय. तसं नव्हतं ते. मला तुझी आठवण येत होती, एवढंच होतं. मला ते ओळखू आलं नाही."

बर्फाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी दिवे मालवत होतं. इव्हरने हातातला झाडू बाजूला ठेवला.

"मी मनानं थांबवला नव्हता," तो म्हणाला. "रोज फोनपाशी जात होतो. मावशी म्हणाली, पोरीला श्वास घेऊ दे. पण तू उचलत नाहीस ना, तेव्हा मी पुन्हा आठ वर्षांचा होतो. खिडकीत बाबांची वाट बघत बसलेला. आणि मग मला फोन करत सुटावंसं वाटतं... मग मी काय करू, सांग. खरंच विचारतोय."

लेसियाने विचार केला. असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि तिच्यापाशी उत्तर होतं याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"फोन कमी कर," ती म्हणाली. "पण थांबवू नकोस."

"आणि तू?"

"मी पळणार नाही असं नाही सांगत. पण पळावंसं वाटलं तर तसं सांगीन. 'आज मला एकटीला राहू दे, उद्या बोलते' असं."

"उद्या नक्की?"

"उद्या नक्की. आणि उद्या बोलेनच."

"हे मला जमेल," इव्हर म्हणाला. मग त्याचा मूळचा सूर थोडासा परत आला. "आणि ते पुलावरचं... त्याचं उत्तर 'बरं' असंच राहणार का?"

तिने मधली एका माणसाची जागा सरकून भरून काढली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला. "चल वर," ती म्हणाली. "ते मी एकदाच सांगणार आहे, आणि एका माणसासमोर सांगायचंय."

वर गरम खोलीत दोन्ही संघांची टेबलं जोडली होती. रीतीप्रमाणे जिंकलेले हरलेल्यांना पाजत होते. लेसियाच्या आईने कोपऱ्यातून सगळ्यांचा ताबा घेतला होता. बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, पेरोगीचं, मोठं पातेलं तिने घरून आणलं होतं, वर तळलेला कांदा, आणि ती हरणाऱ्या-जिंकणाऱ्यांत भेद न करता वाढत होती.

"आई," लेसिया म्हणाली, "हा इव्हर. इतके दिवस मी याच्यापासून पळत होते."

आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चावतो का?"

"नाही."

"मग काय झालं?"

"आवडतो," लेसिया म्हणाली. कान, गाल, मान, सगळं लाल झालं, पण तिने मान खाली घातली नाही.

शेजारी मर्टल मावशी बोलता बोलता मध्येच थांबली. तिला गप्प झालेलं त्या खोलीने कधी पाहिलं नव्हतं. इव्हरने ठसका लागल्यासारखं केलं आणि उगाच एक पेरोगी उचलली.

"उभा राहून खाऊ नये," आई त्याला म्हणाली. "बस."

तो बसला. लेसिया उभीच होती.

"आई, अजून एक. दवाखान्याच्या काचेतून हात हलवायला मला आवडत नव्हतं. मी हसायचे, पण मला आवडत नव्हतं. मला आत यायचं होतं."

आईच्या हातातला डाव पातेल्यावर थांबला. लेसियाला वाटलं, आता ती "वाईट नाही" म्हणेल आणि विषय संपेल.

"मला ती काच फोडायची होती," आई म्हणाली. "दर रविवारी."

तिने डाव खाली ठेवला, हात पुसले, बाकावर सरकून जागा केली आणि लेसियाला मनगटाला धरून आपल्याला चिकटून बसवलं. लेसिया बसली. आईच्या कोटाला कांद्याचा आणि थंडीचा वास येत होता. तिने डोकं टेकवलं.

आईने रुमाल नीट केला आणि मर्टल मावशीकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "ही माझी मुलगी."

"ठाऊक आहे आम्हाला," मर्टल मावशी म्हणाली. "महिनाभर आमच्याकडेच खेळतेय."

"असू दे," आई म्हणाली. "तरी सांगतेय."